दोनदा उगवलेले स्फटिक

१२ ऑक्टोबर २०२५

रिपोर्ट आला. ॲल्युमिनियम पुन्हा जास्त.

अम्मीने या खेपेतला एक स्फटिक उचलून खिडकीशी धरला आणि म्हणाली, यात तर काहीच दिसत नाही. तेच तर दुखणं आहे. तिला परत एकदा सगळं समजावून सांगितलं. जाड पोलादाचं उभं भांडं, जमिनीतल्या खड्ड्यात बसवलेलं. तळाशी गारगोटीचे तुकडे, वर टांगलेल्या स्फटिकाच्या पातळ बीजपट्ट्या, आत कॉस्टिक सोड्याचं पाणी. झाकण आवळून तापवायचं. खाली जास्त, वर थोडं कमी. तळाची गारगोटी विरघळते आणि वरच्या पट्ट्यांवर चढत जाते. गारगोटीत ॲल्युमिनियमसारखी जी काही घाण असेल त्यातली थोडी सोबत चढते. घड्याळात असा स्फटिक चालून जातो. पण बंगळुरूच्या कंपनीला तो उपग्रहातल्या यंत्रासाठी हवा आहे, आणि तिथे लाखातला एखादा परका अणूही ठोका बिघडवतो.

अम्मी म्हणाली, मग गारगोटी धुऊन टाकत जा.

कारखान्यात माझ्या भागीदाराला, देवमनला, रिपोर्ट दाखवला. तो म्हणाला, "एवढं काय तोंड पाडून राह्यली? दुसरा कोनी घेईन ना." शेजारी बसला होता, पण अख्ख्या शेडला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. आजकाल त्याचं असंच आहे. टेबलापलीकडून बोलतो ते बांधावरून हाक मारल्यासारखं. किशन लगेच वळून पाहतो. ऑपरेटरसमोर माझ्यावर ओरडू नकोस, हे त्याला एकदा सांगायला हवं.

१५ ऑक्टोबर

रात्रभर विचार करून ठरवलं. या दुसऱ्या खेपेचे सगळे स्फटिक फोडायचे आणि तिसऱ्या खेपेला गारगोटीऐवजी तेच तळाशी टाकायचे. एकदा उगवताना बरंचसं ॲल्युमिनियम द्रावणात मागे राहिलं. पुन्हा उगवताना आणखी राहील. आणि वाढ हळू. घाईत वाढणारा स्फटिक समोर येईल ते पोटात घेतो. सावकाश वाढणारा निवडून घेतो.

देवमन ऐकत राहिला. म्हणजे माझ्या तोंडाकडे एकटक बघत राहिला. मग म्हणाला, "इतके दिवस राबून उगवले, अन् आता फोडाचे?"

"हो."

"तू पागल झाली."

पण हातोडा त्यानेच घेतला. जाड प्लास्टिकच्या पिशवीत एकेक स्फटिक घालून फोडला. मला हात लावू दिला नाही. शेवटचा फोडताना म्हणाला, "हा लय सुंदर होता बे." तुकडे ॲसिडमध्ये धुवायला टाकले, लोखंडाचा कण राहू नये म्हणून.

अमरावतीला कॉलेजात हा केनवडचा पोरगा माझ्याशी लेथवरून भांडायचा. नंतर तो पुण्याला फोर्जिंगच्या शेडमध्ये आठ वर्षं घणाखाली राहिला, मी गुजरातेत स्फटिकांच्या प्रयोगशाळेत. मंगरूळपीरला कारखाना काढू म्हटल्यावर हसला नाही असा तो एकटाच. ते आठवलं की राग टिकत नाही.

१ नोव्हेंबर

राग टिकतो आहे.

आज बंगळुरूच्या मंजू मॅडमसोबत व्हिडिओ कॉल होता. त्यांच्या कंपनीत कच्चा माल पास करणं-नापास करणं त्यांच्या हातात आहे. मी आधीपासून सांगत आले की तिसऱ्या खेपेला जानेवारीअखेर उजाडेल. त्या बोलता बोलता म्हणाल्या, डिसेंबरअखेर नमुना मिळाला तर आमच्या बैठकीत ठेवता येईल, जमेल का? आणि मी तोंड उघडायच्या आत देवमन मान हलवत म्हणाला, "यस मॅडम, डन, डन."

ग्राहकासमोर काय बोलणार? मी टेबलाखाली त्याच्या बुटावर बूट आपटला. तो माझ्याकडे बघून हसला.

कॉल संपल्यावर म्हणाला, "चांगलं झालं. जानेवारी भेटला."

"जानेवारी? डिसेंबर म्हणाल्या त्या. तू डन म्हटलंस!"

त्याचा चेहरा एकदम उतरला. पण क्षणभरच. मग खांदे उडवून म्हणतो, "मंग डिसेंबर तं डिसेंबर. टेम्परेचर थोडं वाढवू, लवकर होईन."

म्हणजे हे होतं मनात. मी हळू जायचं म्हणते, म्हणून याने तारीखच अलीकडे ओढली. जानेवारीचं ते नाटक कशाला केलं, तेवढं कळलं नाही. संध्याकाळी मी मॅडमना मेल करून जानेवारीच राहू द्या अशी विनंती केली. त्या हो म्हणाल्या, पण आधीचा विश्वास त्या उत्तरात नव्हता.

९ नोव्हेंबर

झाकण आवळलं. हीटर चालू केले. या खेपेत जे तळाशी आहे ते एकदा उगवून आलेलं आहे. दुसरं काही शिल्लक नाही. ही खेप गेली तर पुन्हा गारगोटीपासून सुरुवात, आणि तोवर बंगळुरूवाले थांबणार नाहीत.

१७ नोव्हेंबर

प्रेशर स्थिर. तापमान स्थिर. बाहेर सगळीकडे तुरीला फुलं आली आहेत आणि मला दिवसभर फक्त पॅनेलवरचे आकडे दिसतात.

२४ नोव्हेंबर

आज जे झालं ते मी विसरणार नाही.

काल मामूंच्या घरी लग्नासाठी कारंजाला गेले होते. देवमनचा फोन आला, खालचं तापमान जरा हलतं आहे, वाढवू का? मागे कॉम्प्रेसर धडधडत होता. मी स्पष्ट सांगितलं, वाढवू नको, आहे तसं राहू दे. तो बरं म्हणाला.

सकाळी येऊन बघते तर खालचं तापमान पाच डिग्रीने वाढवलेलं. म्हणजे सारी रात्र स्फटिक धावत सुटले होते.

"कोणी वाढवलं?"

"मी. तूच म्हनली ना वाढव."

"मी वाढवू नको म्हटलं!"

"नाही. तू म्हनली वाढव." डोळ्यांत डोळे घालून. पापणीही न हलवता. "मी दोनदा इचारलं तुले."

दोनदा विचारलं हे खरं. दोन्ही वेळा मी वाढवू नको म्हटलं हेही खरं. अठरा वर्षांच्या ओळखीत हा माणूस कधी माझ्याशी खोटं बोलला नव्हता. मी आकडे पुन्हा खाली आणले, अगदी हळूहळू. किशन एका कोपऱ्यात उभा राहून हाताचे तळवे पुसत होता.

दुपारी माझ्या मोबाइलवर देवमनचा मेसेज: "पुढं काही सांगायचं असलं तं लिहून टाक. फोन नको." तो पंधरा पावलांवर बसला होता. लिहून टाक म्हणे. म्हणजे आता याला माझ्याविरुद्ध पुरावा ठेवायचा आहे.

२७ नोव्हेंबर

देवमन न सांगता अकोल्याला गेला. दिवसभर फोन बंद. गेल्या आठवड्यातही गेला होता. परत आला तेव्हा इस्त्रीचा शर्ट, चेहरा पडलेला. खिशातून एक लहानशी डबी काढली, टेबलाच्या खणात टाकली आणि खणाला कुलूप लावलं. मी विचारलं, अकोल्यात काय होतं? म्हणाला, "काम."

उन्हाळ्यात पुण्याचे दोन जण कारखाना बघायला आले होते. आम्हाला विका म्हणत होते. मी तोंडावर नाही म्हटलं. देवमन म्हणाला होता, विचार करू. त्यांचं ऑफिस अकोल्यात असल्याचं अंधुक आठवतं आहे.

आता कळतं, त्याला घाई का आहे. स्फटिक कसेही चालतील. कारखाना चालतोय एवढं दिसलं की विकायला बरा.

३ डिसेंबर

बाजारात देवमनची बायको निता भेटली. संत्र्यांच्या ढिगासमोर उभ्या उभ्या रडायलाच लागली.

"ताई, तिथं काही झालं का हो? घरी आले की टीव्ही एवढा मोठा लावतात की शेजारी येऊन सांगून गेले. बोलतच नाही कोनाशी. पोरगी इचारते, बाबा, जेवाले वाढू का, तं म्हंतात, उद्या पाहू. काय उद्या पाहू? अन् माह्यावर चिडतात, म्हंतात, तुमी सगळे तोंडातल्या तोंडात काहून बोलता?"

मी म्हटलं, कामाचा ताण आहे. दुसरं काय सांगणार? तुझा नवरा माझ्या पाठीमागे सौदा करतो आहे आणि त्याचं मन त्याला खातं आहे, हे सांगणार? बिचारीला काहीच माहीत नाही.

५ डिसेंबर

झाकणाजवळच्या सील रिंगविषयी देवमनला काळजी आहे. वरच्या बाजूला हात धरून म्हणतो, इथं काहीतरी थरथरते. मला काही जाणवलं नाही. मी विचारलं, आवाज येतो का? तो वळून निघून गेला. एक साधा प्रश्न विचारला होता.

१० डिसेंबर

आज मी पॅनेलला लॉक टाकलं.

देवमन जेवायला गेला होता. आता माझ्या पासवर्डशिवाय तापमान बदलता येणार नाही. आपलं पॅनेल जुनं आहे. नवा आकडा टाकला तर तो दिसतो आणि पुन्हा जुन्यावर येतो, बस. कोणाला सांगितलं नाही. सांगितलं तर भांडण होईल, आणि भांडण झालं तर तो उघडपणे पुण्याच्या लोकांकडे जाईल.

हे बरोबर केलं का? कारखाना दोघांचा आहे. पण ही खेप माझी आहे. ते स्फटिक मी फोडायला लावले. ते पुन्हा उगवून येईपर्यंत मी त्यांना कोणाच्या हातात देणार नाही.

१६ डिसेंबर

लॉक टाकल्यापासून तापमानाची रेघ सरळ चालली आहे. मला आठवड्यात पहिल्यांदा भूक लागली.

२० डिसेंबर, अकोला

हॉस्पिटलच्या बाहेरच्या बाकावर बसून लिहिते आहे. आत निता आहे. देवमनला डाव्या पोटरीपासून घोट्यापर्यंत भाजलं आहे. कॉस्टिकने भाजतं तेव्हा ते वरवर थांबत नाही, आत जात राहतं. डॉक्टर म्हणाले, पाय राहील.

काल दुपारी मी ऑफिसात होते. काचेतून शेड दिसते. देवमन आणि किशन पॅनेलसमोर उभे होते आणि देवमन पुन्हा पुन्हा बटणं दाबत होता. मला वाटलं, बघा, चाललाय वाढवायला. आणि मला, लिहायलाही लाज वाटते, बरं वाटलं. वाढव आता.

मग तो पॅनेल सोडून खड्ड्याकडे गेला. भांड्याभोवती काँक्रीटची भिंत आहे, भिंतीच्या आतून लोखंडी शिडी खाली उतरते. हीटरच्या वायरींच्या जोडण्या तिथे आहेत. प्रेशर असताना आत कोणी उतरायचं नाही असा नियम आहे. जोडणी ढिली झाली की आम्ही तो मोडतो. एकाने उतरायचं, एकाने पॅनेलवर उभं राहायचं.

तो भिंतीपाशी पोहोचला असेल तेवढ्यात हूटर वाजला.

हूटर म्हणजे प्रेशर पडतंय. प्रेशर पडतंय म्हणजे सील सुटतंय. हे आमच्या इथे झाडू मारणाऱ्या बाईलाही माहीत आहे. किशन दोन पावलं मागे सरला. देवमनने मागेसुद्धा पाहिलं नाही. त्याने शांतपणे भिंतीवर पाय टाकला आणि शिडी उतरायला लागला.

पहिल्यांदा मला वाटलं, हट्टीपणा. मग त्याचं डोकं भिंतीआड गेलं, आणि मला कळलं. असा हट्ट कोणी करत नाही. हूटर त्याच्या डोक्यावर वाजत होता आणि तो माणूस विहिरीवर पाणी आणायला निघाल्यासारखा उतरत होता. त्याला ऐकूच आलं नव्हतं. बांधावरून मारल्यासारख्या हाका, डन डन, वाढव, लिहून टाक, उद्या पाहू. एका श्वासात सगळं कळलं.

किशन ओरडत होता, "देवमनभाऊ! ओ देवमनभाऊ!" कोणाला ओरडतोस, किशन.

मेन स्विच ऑफिसच्या दाराशीच आहे. तो पाडला की हीटर आणि शेडचे दिवे दोन्ही जातात. दिवे गेले की खड्ड्यात काळोख होतो, आणि काळोख झाला की माणूस वर बघतो. हे मला लगेच सुचलं. हात स्विचवर होता.

आणि मी थांबले.

हीटर असे एकदम गेले की वरचे स्फटिक तडकतात. दोनदा उगवलेले. ते मला डोळ्यांसमोर दिसले, तारेला टांगलेले, पूर्ण होत आलेले. हूटर वाजत होता, देवमन खाली होता आणि मी ते स्फटिक बघत होते. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. फार नाही. पण थांबले.

मग पाडला.

अंधारातून त्याचा आवाज आला, "काय झालं बे?" मी आणि किशन भिंतीकडे पळालो. मोबाइलचा उजेड खड्ड्यात मारला, दोन्ही हातांनी वर ये, वर ये केलं. त्याने माझं तोंड पाहिलं आणि विचारायचं सोडून चढायला लागला. भिंतीवरून त्याचा एक पाय बाहेर आला होता तेव्हा सील गेलं. तो आवाज मी लिहू शकत नाही. पांढरी वाफ पात्यासारखी भिंतीच्या कडेने गेली. आम्ही त्याला शर्टाला धरून ओढलं. दुसरा पाय यायला क्षणभर उशीर झाला.

पाय पाण्याखाली धरून ठेवला होता, गाडी येईपर्यंत. तो ओरडत होता. मी त्याच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी सांगत होते. काय सांगत होते, त्याला कुठलं कळणार.

आज सकाळी किशन आला. बाकावर माझ्या शेजारी बसून म्हणाला, "मॅडम, प्रेशर उतरून राह्यलं होतं थोडं थोडं. भाऊ म्हने, सीलवर जोर नको, तापमान खाली आनू. पन आकडा टाकला का पुन्हा जुन्यावर जाये. भाऊ म्हने, वायर लूज असन, पाहून येतो."

तो वाढवायला नव्हता उभा. तो खाली आणायला उभा होता. माझ्या लॉकमुळे तो खड्ड्यात उतरला.



२२ डिसेंबर, अकोला

आज तो बसला. खणातली डबी निताने किशनकडून मागवून घेतली होती. त्यात कानात घालायचं मशीन. बदामाएवढं. त्याने ते कानात घातलं.

"डावा कान पुन्यालेच गेला," देवमन म्हणाला. "घणाखाली. उजव्यावर चालून जाये. औंदा तोबी गेला."

"मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? आपला धंदाच प्रेशरचा. बहिरा मानूस भांड्यापाशी ठेवते का कोनी? तू ठेवती का?"

ठेवलं असतं का, मला माहीत नव्हतं.

"हे घालून कसंतरीच वाटे," तो डबीकडे बघत म्हणाला. "सगळंच वाजते. किशन पाना ठेवे तं गोळी सुटल्यावानी. म्हनलं, खेप उतरू दे, मंग घालतो."

मग मी त्याला माझा संशय सांगितला. पुण्याचे लोक, अकोला, सौदा. त्याला आधी समजेना, मग हसायला लागला, इतका की पाय दुखून डोळ्यांत पाणी आलं. लॉकचंही सांगितलं. त्यावर तो हसला नाही. पांघरुणाची कड दोन बोटांनी चोळत राहिला.

"किशनले तरी सांगाचं होतं," म्हणाला. आवाज हळू होता. मशीन कानात असल्यामुळे असेल.

स्विचपाशी मी थांबले ते नाही सांगितलं.

६ जानेवारी २०२६

भांडं पूर्ण गार झालं. उघडलं. देवमन कुबडी घेऊन आला, खुर्चीवर बसून बघत होता.

वरच्या रांगा गेल्या. हातात घेतला की आडवा दोन तुकडे. काही तर उचलतानाच तुटले. किशन एकेक ट्रेमध्ये ठेवत होता आणि दर वेळी माझ्याकडे बघत होता. सगळ्यात खालच्या रांगेतले पाच अखंड निघाले. दिव्यासमोर धरून फिरवले, कुठे केसाएवढी चीर नाही. त्यातला एक कापून तपासणीला पाठवला.

२४ जानेवारी

रिपोर्ट आणि मंजू मॅडम एकाच दिवशी आल्या. रिपोर्ट आधी वाचला. ॲल्युमिनियम मागच्या खेपेच्या पाचव्या हिश्शाहून कमी. मी तो कागद दोनदा वाचला, मग बाथरूममध्ये जाऊन दार लावून घेतलं.

मॅडम उंच, कमी बोलणाऱ्या. शेड फिरल्या. काँक्रीटच्या भिंतीवरचा पांढरा ओघळ अजून पूर्ण गेलेला नाही, तिथे थांबल्या. मी सांगायला सुरुवात करणार होते, पण देवमनच पुढे झाला. हिंदीत, आपल्या वऱ्हाडी हिंदीत, म्हणाला की मॅडम, मेरेकु सुनाई नहीं देता. आपने दिसंबर बोला वो मैंने सुना नहीं था, सिर्फ मुंडी हिलाई. मग गळती, मग पाय, सगळं सांगितलं. लॉकचं मी सांगितलं.

त्यांनी मधे एकही प्रश्न विचारला नाही. शेवटी म्हणाल्या, एका खेपेतले पाच स्फटिक म्हणजे नशीब असू शकतं. हाच आकडा लागोपाठ दोन खेपांत दाखवा, मग बोलू. आणि प्रेशर असताना त्या भिंतीच्या आत माणूस उतरतो असं कळलं, तर आकडा कितीही चांगला असला तरी मी पुन्हा येणार नाही.

गाडीत बसताना त्यांनी देवमनकडे तोंड वळवून, स्पष्ट ओठ हलवत विचारलं, "पाँव कैसा है?"

म्हणजे हो नाही आणि नाहीही नाही. पुन्हा गारगोटीपासून उगवायचं, ते फोडायचं, पुन्हा उगवायचं. पण आता आकडा माहीत आहे.

५ फेब्रुवारी

जोडण्या भिंतीबाहेर काढल्या. शिडी कापून टाकली. देवमनने स्वतः कापली, गॅस कटर हातात घेऊन, पाय लांब करून. हूटरसोबत आता लाल दिवे फिरतात, शेडच्या चारही कोपऱ्यांत. लॉक काढलं. पॅनेलवर काही बदललं की आमच्या दोघांच्या आणि किशनच्या मोबाइलवर मेसेज येतो. नवी सील रिंग बसली.

देवमन मशीन घालतो. कॉम्प्रेसर चालू झाला की काढून खिशात ठेवतो, मग मी त्याच्या खांद्याला हात लावून बोलते. कधी मी विसरते आणि पाठीमागून बोलत राहते. मग स्वतःवरच चिडते.

२३ फेब्रुवारी

रमजानचा पहिला आठवडा. अम्मी म्हणत होती, रोजात एवढं जड काम ठेवू नको. पण भांडं तयार होतं.

दुपारी झाकण बसवलं. बोल्ट आळीपाळीने आवळत होतो, समोरासमोर उभे राहून. कॉम्प्रेसर बंद होता, मशीन त्याच्या कानात होतं. त्याने पाना थांबवला आणि विचारलं,

"त्या दिवशी लाईट जायच्या आधी हूटर किती वेळ वाजून राह्यला होता?"

"थोडा वेळ."

"थोडा म्हंजे?"

त्याला कोणी सांगितलं असेल असं नाही. किशनची पाठ तेव्हा माझ्याकडे होती. बहुतेक त्याने शिडीच्या पायऱ्या मनात मोजल्या असतील, रोज थोड्या थोड्या.

"तू उतरायच्या आधीपासून," मी म्हटलं. "मी स्विचपाशी लगेच पोहोचले होते. हात ठेवला होता. पाडला नाही."

"काहून?"

"स्फटिक तडकतील म्हणून."

त्याने पाना बोल्टवर लावला, आवळला, पुढच्या बोल्टवर नेला. मी समोरचा आवळला. असं झाकणाला एक पूर्ण फेरा झाला. मी वाट बघत होते की आता तो पाना खाली ठेवेल आणि निघून जाईल. मी त्याला अडवलं नसतं.

"मी तिथं असतो," तो शेवटी म्हणाला, "तं म्या काय केलं असतं, मले बी सांगता येत नाही." मग पुढचा बोल्ट आवळत: "म्हनून तो स्विच तुह्यापाशी नको. माह्यापाशीबी नको."

त्याने किशनला हाक मारली. किशन हात पुसत आला.

"आजपासून मेन स्विच तुहा," देवमन म्हणाला. "आमचा जीव अटकला हाये या स्फटिकात. तुहा नाही."

किशनने माझ्याकडे पाहिलं. "कवा पाडाचा, मॅडम?"

"तुला वाटेल तेव्हा."

"तुमाले इचारून?"

"नाही," मी म्हटलं. "आम्हाला विचारू नको."

संध्याकाळी इलेक्ट्रिशियन बोलावून स्विच ऑफिसच्या दारावरून काढला आणि पॅनेलशेजारी, किशनच्या स्टुलापाशी बसवला. रोजा सुटायला थोडा वेळ होता तेव्हा किशनने हीटर चालू केले, एक हात स्विचवर ठेवून. आकडे चढायला लागले. आम्ही दोघं भिंतीपासून लांब, त्याच्या मागे उभे होतो.